मॉक लागत नाही म्हणून जेस्ट सोडायचं का?

जेस्ट हे टेस्ट चालवणारं टूल. टाइपस्क्रिप्टमध्ये मेल पाठवणारं मॉड्यूल त्यात मॉक केलंय, म्हणजे टेस्टपुरतं त्याजागी खोटं मॉड्यूल ठेवलंय, तरी टेस्ट चालवली की कॉल खऱ्या सर्व्हरकडेच जातो. मग टीममधलं कुणीतरी म्हणतंच, "व्हीटेस्टवर जाऊ या." व्हीटेस्ट हे व्हीट या बिल्ड टूलवर बेतलेलं दुसरं टेस्ट टूल. प्रोजेक्ट आधीपासून व्हीटवर असेल तर खुशाल जा. बाकीच्यांनी आधी बिघाड शोधावा. तो व्हीटेस्टमध्येही सोबत येऊ शकतो.

दोन्ही टूल मॉकची ओळ उचलून इम्पोर्टच्या वर नेतात. जेस्टमध्ये हे काम बेबल-जेस्ट किंवा टीएस-जेस्ट हा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे टेस्टआधी कोड बदलून देणारा भाग, करतो. वेगासाठी त्याजागी नुसतं ईएसबिल्ड लावलं, तर ओळ जागची हलत नाही आणि खरं मॉड्यूल आधी लोड होतं. मॉक लागत नसेल तर मी सगळ्यात आधी ट्रान्सफॉर्मर बघतो.

पुढचा घोळ फॅक्टरीचा, म्हणजे खोटं मॉड्यूल बनवून देणाऱ्या फंक्शनचा. तिच्यात बाहेरचं व्हेरिएबल वापरलं की बेबल-जेस्ट अडवतं. नाव 'मॉक'ने सुरू केलं तर जाऊ देतं. पण ओळ वर गेलेली असते आणि कॉन्स्टने जाहीर केलेल्या व्हेरिएबलला अजून किंमत मिळालेली नसते, त्यामुळे इम्पोर्ट होतानाच ते वाचलं गेलं तर एरर येतोच. व्हीटेस्टमध्ये असं व्हेरिएबल 'व्हीआय.होइस्टेड'मध्ये तयार केलं की विषय संपतो. इथे व्हीटेस्ट सरळ सरस आहे.

नेटिव्ह ईएस मॉड्यूल्समध्ये (जावास्क्रिप्टची मूळ इम्पोर्ट-एक्स्पोर्ट पद्धत, रूपांतर न करता) फरक आणखी मोठा. तिथे जेस्टचं नेहमीचं मॉक स्टॅटिक इम्पोर्टपर्यंत पोचत नाही. 'अनस्टेबल_मॉकमॉड्यूल' लिहून मॉड्यूल अवेट इम्पोर्टने आणावं लागतं, आणि नावातच अनस्टेबल असलेल्या फंक्शनवर शेकडो टेस्ट उभ्या करायला माझं मन धजत नाही. उलट बाजूही आहे: रिक्वायरने आणलेल्या मॉड्यूलला 'व्हीआय.मॉक' हात लावत नाही. रिक्वायर वापरणारा जुना कॉमनजेएस कोड असेल तर हे आधी तपासा.

टाइप्सच्या बाबतीत दोघंही तुम्हाला गाफील ठेवू शकतात. 'जेस्ट.मॉक्ड' आणि 'व्हीआय.मॉक्ड' फक्त टाइप बदलतात. मॉक लागलं नसलं तरी कंपायलर खूश, आणि चालवल्यावर 'मॉकरिटर्नव्हॅल्यू हे फंक्शन नाही'. टीएस-जेस्ट टाइप तपासतं, म्हणून हळू चालतं. व्हीटेस्ट टेस्ट चालवताना टाइप काढून टाकतं, तेव्हा सीआयमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) टीएससी, म्हणजे टाइपस्क्रिप्टचा कंपायलर, वेगळा चालवा. फॅक्टरीत एखादा एक्स्पोर्ट राहून गेला तर व्हीटेस्ट त्याचं नाव घेऊन सांगतं. जेस्ट मुकाट्याने अनडिफाइन्ड देतं. डीफॉल्ट एक्स्पोर्ट असेल तर जेस्टच्या फॅक्टरीत '__ईएसमॉड्यूल: ट्रू' लिहिलंय ना, ते बघा.

एक दुखणं मात्र टूल बदलून जात नाही. एकाच फाइलमधलं एक फंक्शन दुसऱ्याला थेट हाक मारत असेल, तर ती हाक मॉकपर्यंत पोचतच नाही. दुसरं फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये हलवा किंवा पॅरामीटर म्हणून द्या. मेल पाठवण्यासारख्या कामाला मला पॅरामीटरच बरा वाटतो. साधं खोटं फंक्शन दिलं की झालं, टाइपही कंपायलरच तपासतो.

रिॲक्ट नेटिव्ह (मोबाइल ॲपचं फ्रेमवर्क) किंवा टीएस-जेस्टवर चालणारं नेस्ट (सर्व्हरचं फ्रेमवर्क) असेल तर जेस्टवरच राहा. तरीही हलायचंच असेल तर '__मॉक्स__' फोल्डर आधी उघडून बघा: पॅकेजं असतात त्या नोड मॉड्यूल्स फोल्डरच्या शेजारी ठेवलेले पॅकेजांचे मॉक जेस्ट न सांगता वापरतं, व्हीटेस्टमध्ये मात्र त्यातल्या प्रत्येकासाठी 'व्हीआय.मॉक' लिहावं लागेल.