मुलाखत छान झाली, तिथेच मी फसले

विमानतळावर ग्राउंड स्टाफची नोकरी देतो म्हणून माझ्याकडून 20,750 रुपये उकळले. पैसे मागणाऱ्या जाहिरातींपासून लांब राहायचं, हे मला माहीत होतं. पण इथे पैसे आधी मागितलेच नाहीत. आधी मुलाखत घेतली.

मी कराडची, बी.कॉम. झालेली. नोकरीच्या ॲपवर रेझ्युमे टाकून आठवडा झाला असेल, फोन आला. उद्या 11 वाजता टेलिफोनिक राउंड, तयारी करून ठेवा. मी खरंच जीव तोडून तयारी केली. आरशासमोर उभी राहून 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' पंधरा-वीस वेळा म्हटलं. पीएनआर म्हणजे काय, बोर्डिंग पासवर काय काय असतं, सगळं वहीत उतरवलं.

मुलाखत 25 मिनिटं चालली. "प्रवाशाची बॅग 15 किलोच्या वर भरली आणि तो भांडायला लागला, तर काय कराल?" मी म्हटलं, आधी त्याचं ऐकून घेईन, जड वस्तू हातातल्या बॅगेत घेता येते का बघायला सांगेन, नाहीच जमलं तर जादा वजनाचे पैसे शांतपणे समजावीन. "व्हेरी गुड, इतकं चांगलं उत्तर आज कुणीच दिलं नाही." हे ऐकून मी हरखून गेले. आईने देवापुढे साखर ठेवली. एवढं कष्टाने मिळवलेलं खोटं असेल, ही शंका मनात आलीच नाही.

संध्याकाळी ऑफर लेटर आलं. लोगो, गोल शिक्का, पगार 26,500. मग रजिस्ट्रेशनचे 1,850. दोन दिवसांनी युनिफॉर्म आणि आयकार्डाचे 6,500. मग ट्रेनिंगचे 12,400, 'पहिल्या पगारात परत'. हे शेवटचे पप्पांनी उसाच्या बिलातून दिले. यूपीआय करताना स्क्रीनवर कंपनीचं नाव नव्हतं, कुणा माणसाचं होतं. मी विचारलंही. "आमच्या फायनान्स मॅनेजरचं खातं आहे," म्हणाले. तिथेच थांबायला हवं होतं. पत्र ज्या ईमेलवरून आलं तोही साधा जीमेल होता.

सिक्युरिटी पासचे 15,000 मागितले तेव्हा पप्पा म्हणाले, आता समोर जाऊनच देऊ. पहाटेच्या एसटीने स्वारगेट, तिथून लोहगाव विमानतळ. गेटवरच्या सीआयएसएफच्या जवानाने पत्र हातात घेतलं, वरच्या चार ओळी वाचल्या आणि नुसती नकारार्थी मान हलवली. पप्पांनी पत्राची घडी घालून खिशात ठेवली. सातारा येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

नंतर जे कळलं ते आधी कळलं असतं तर! विमानतळात काम करायचा पास बीसीएएस ही सरकारी यंत्रणा देते. त्याचा अर्ज कंपनीमार्फत जातो, पोलीस पडताळणी होते. तो कुणी फोनवर पैसे घेऊन काढून देत नाही. नोकरीसाठी आम्ही पैसे घेत नाही, असं विमान कंपन्या आपापल्या वेबसाइटवर लिहितात. ऑफर आली की त्याच वेबसाइटवरचा नंबर शोधून स्वतः फोन लावा, पत्रावर छापलेल्या नंबरवर नको. तो नंबर फसवणाऱ्यांचाच असतो.

गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका ऑफिसात माझी निवड झाली. कागदपत्रं देताना मी घाबरत विचारलं, पैसे किती भरायचे? एचआरच्या मॅडम चमकल्याच. "पैसे कसले गं?" मी सगळं सांगितलं, तर त्यांनी खुर्ची ओढून बसवलं आणि पाणी दिलं.

1930 या सायबर हेल्पलाइनवर मी नऊ दिवसांनी फोन केला. तोवर पैसे त्या खात्यातून पुढे गेले होते. तक्रार नोंदली आहे, रक्कम अजून मिळालेली नाही. लवकर कळवलं तर बँकेला रक्कम गोठवता येते. तुमचे पैसे आज गेले असतील तर घरच्यांना काय सांगू, याचा विचार करत बसू नका. व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे पेमेंटच्या तपशिलात दिसणारा व्यवहार क्रमांक, समोर ठेवा आणि आत्ता 1930 लावा.