‘घाम सुटलाय म्हणजे पावडर लागू पडायलीय’

अन्ननलिकेचं किंवा जठराचं ऑपरेशन झालेला पेशंट घरात असेल आणि कोणी आपणहून ‘खास ऑपरेशनवाल्यांसाठीची’ पावडर घेऊन दारात उभा राहिला, तर हे वाचून मगच पाकीट उघडा. बेळगावात आमच्या वडगावात तो येऊन गेला. खानापूरकडच्या एका घरातही हाच इसम, हाच डबा, हेच बोलणं, असं नंतर कळलं.

आमच्या मामंजींचं उभं आयुष्य मागावर गेलं आणि तोंडात कायम निपाणीची तंबाखू. अन्ननलिका जठराला जिथे मिळते तिथे कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये अन्ननलिकेचा खालचा भाग आणि जठराचा वरचा भाग काढला. उरलेल्या जठराची नळी करून ती वर छातीत ओढून जोडली. म्हणजे खाल्लेलं साठवून हळूहळू पुढे सोडणारी पिशवी आता पहिल्यासारखी राहिली नाही. त्यामुळे घरी सोडताना सूचना दिल्या होत्या: दिवसातून सहा-आठ वेळा थोडं थोडं खायचं, घास बारीक चावायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही, पाणी अर्धा तास आधी नाहीतर नंतर. खाऊन लगेच आडवं व्हायचं नाही, झोपताना उशाकडची बाजू उंच ठेवायची. साखर-गुळाला जपायचं. वजन पहिले काही महिने उतरणार, त्याला घाबरायचं नाही.

हे सगळं छापलेला कागदही मिळाला होता. कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. मला कन्नड वाचता येतं, पण दिवसभर स्वयंपाकघरात सासूबाई असतात आणि त्यांना मराठीच वाचता येतं. सीमाभागातल्या घराघरांत ही गोष्ट आहे, नवीन काही नाही. तो माणूस शिरला तो नेमका ह्याच फटीतून.

हॉस्पिटलबाहेरच्या बाकड्यावर त्याची आणि आमच्या ह्यांची ओळख झाली होती. ‘माझ्या चुलत्यांचं पण हेच ऑपरेशन झालंय’ म्हणत त्याने वॉर्ड विचारला, मोबाईल नंबर घेतला. आम्ही घरी आल्यावर लगेच तो हजर. अस्सल बेळगावी मराठी, मामंजींना ‘अण्णा’, सासूबाईंना ‘अक्का’. हातात मराठीत छापलेलं रंगीत पत्रक, मोठ्या अक्षरात. सासूबाईंनी पहिल्यांदाच ह्या आजाराबद्दल काहीतरी स्वतः वाचलं. त्यांचा विश्वास तिथेच बसला आणि त्याबद्दल मी त्यांना बोल लावणार नाही.

मग त्याने पिशवीतून स्वतःचा वजनकाटा काढला. मामंजींना त्यावर उभं केलं. हॉस्पिटलच्या कागदावर होतं त्यापेक्षा आकडा बराच कमी आला. ‘वैनी, बघा अण्णांचं वजन कसं उतरायलंय. हॉस्पिटलवाले कापायचं बघतात, खायचं कोण बघतंय?’ त्यात येणारा-जाणारा प्रत्येक जण ‘अगं बाई, हाडं दिसायलीत की’ म्हणून जायचाच. वर कुंद्याचा डबा ठेवून जायचा! ज्याला साखर चालत नाही त्याच्या घरी कुंदा. माणसं प्रेमानं आणतात, पण एवढं एक तरी बघावं. असो. वजनाची धास्ती आमच्या मनात आधीच होती. त्याने फक्त तिला आकडा दिला.

एका डब्याचे ३,२०० रुपये. दिवसातून तीन वेळा, दुधात घट्ट कालवून. पातळ आहार देण्यासाठी पोटाला बाहेरून लावलेल्या नळीतूनही द्या म्हणाला, पण नर्सने ‘सांगितल्याशिवाय नळीत काही घालू नका, नळी तुंबते’ असं बजावलं होतं, म्हणून तेवढं टळलं. बी-१२ ची तपासणी आणि लागलं तर इंजेक्शन घ्यायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यावर त्याचं उत्तर, ‘सगळं ह्यात हाय.’ पोटातून बी-१२ शोषून घ्यायला जो घटक लागतो तो जठरातच तयार होतो. जठराचा भाग काढलेल्याला बी-१२ कमी पडायचा धोका असतो तो म्हणूनच, आणि डब्यातल्या पावडरीने तो भरून निघेलच असं नाही. हे आम्हाला नंतर कळलं.

पावडर सुरू झाली आणि मामंजींना त्रास सुरू झाला. प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत पोटात कळ, छातीत धडधड, दरदरून घाम, मग जुलाब. कधी दोनेक तासांनी हातपाय थरथरायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. फोन केला तर तो खुशीत. ‘घाम सुटलाय न्हवं? म्हणजे पावडर लागू पडायलीय. आतली घाण भाईर पडायलीय. आता बंद करू नका.’

सगळ्या प्रकरणात मला जर कशाची चीड आली असेल तर ती ह्या वाक्याची. महाग विकणारे पुष्कळ असतात, पण ह्याने त्रासालाच गुण म्हणून विकलं. जेवढा त्रास जास्त, तेवढा पुढचा डबा लवकर. घास अडकायला लागला तेव्हाही तेच: ‘आतली गाठ विरघळायलीय.’ गाठ तर ऑपरेशनमध्येच काढलेली होती!

पुढच्या वेळी आला तेव्हा त्याच्याच काट्यावर वजन वाढलेलं दिसलं. ह्या खेपेला मामंजी जेवून, स्वेटर घालून, खिशात चष्मा-मोबाईल घेऊन उभे होते, हे माझ्या लक्षात आलं. हॉस्पिटलच्या काट्यावर गेलो तर वजन आणखी उतरलेलं.

तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी डबा मागवला. नखाने कडा उचलली तर वरचं लेबल म्हणजे नुसता स्टिकर. घरी कोमट पाण्याचा बोळा लावून तो सोडवला. खाली जिममध्ये वजन वाढवायला पोरं घेतात ती साधी मास गेनर पावडर, किंमत निम्म्याहून कमी. डब्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन (पोटात गेल्यावर झटकन साखर होणारी स्टार्चची पूड), दुसरं साखर. बाईंनी समजावून सांगितलं: अशी साखर जठरात थांबत नाही, एकदम लहान आतड्यात जाते, आणि रक्तातलं पाणी तिकडे ओढलं जातं. कळ, धडधड, जुलाब त्यानेच. मग शरीर भरमसाट इन्सुलिन सोडतं आणि नंतर साखर खाली येते, ती थरथर. ह्याला ‘डम्पिंग’ म्हणतात. आणि घास अडकत होता कारण जोडाची जागा आखडली होती. एंडोस्कोपी करून आतून फुगा फुगवून ती रुंद केली. ‘विरघळायलीय’ ऐकून आणखी थांबलो असतो तर पाणीसुद्धा उतरलं नसतं.

स्टिकरवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना नंबर होता. खरा नंबर १४ आकडी असतो. ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपमध्ये तो टाकला तर नाव निघालं एका फरसाणवाल्याचं. आजारी माणसांसाठीच्या खऱ्या तयार आहारावर ‘डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा’ अशी सूचना छापलेली असते, ती ह्यावर कुठेच नव्हती. पत्रकात मात्र ‘कॅन्सर पुन्हा होणार नाही’ असं होतं. औषधाने कॅन्सर बरा होतो किंवा टळतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, म्हणून ते पत्रक आम्ही जपून ठेवलंय.

आता मामंजी खातात ते सगळं घरचं. नाचणीची आंबील, ताक-जिरं-मीठ घालून, गूळ नाही, वाटीभरच आणि घोटघोट. मुगाचं घट्ट वरण आणि मऊ भात. उकडलेलं अंडं कुस्करून. घरचं दही, पनीर. बाजारात गोव्याकडची मासळी आली की काटे काढून उकडलेला मासा. ताजी चपाती किंवा पाव घशाखाली गोळा होऊन बसतो, त्यापेक्षा भाकरी आमटीत चुरून भिजवलेली बरी उतरते. प्रथिनं आधी, भात मागून. सासूबाईंनी वेळा मराठीत लिहून फ्रिजला चिकटवल्यात. हॉस्पिटलचा कन्नड कागद आहारतज्ज्ञ बाईंनी मराठीत तोंडी सांगितला आणि मी उतरवून घेतला, त्यावरूनच. कुठल्याही हॉस्पिटलात ‘मराठीत सांगा, लिहून घेतो’ म्हणायला लाजू नका, सांगणारं कोणी ना कोणी मिळतं. पावडर लागणारच असेल तर ती आहारतज्ज्ञांनी नाव लिहून दिलेली, मेडिकलमधून, बिलासकट घ्या.

पैशांचं म्हणाल तर त्याने पावती दिली होती, पत्ता कोल्हापूरकडचा. तक्रारीची गोष्ट काढली तर हसून म्हणाला, ‘महाराष्ट्रात जाऊन केस घालणार काय?’ सीमेवरच्या माणसाला हीच भीती घालतात. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार देता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आम्ही बेळगावातच दिली. त्याआधी १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तिथे मराठीत बोलता येतं. जिल्ह्याच्या अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांकडेही लेखी अर्ज दिलाय, कारण माल इथे विकला गेलाय. निकाल अजून लागायचाय. त्याचा जुना मोबाईल बंद आहे.

तुमच्याकडे असा डबा आला असेल तर पावडर देणं थांबवा, पण डबा फेकू नका आणि स्टिकरही पूर्ण सोलू नका. अर्धवट सोललेल्या अवस्थेतला फोटो काढा, ज्यात वरचं आणि खालचं दोन्ही लेबल दिसेल. फोनपे-गुगलपेचे स्क्रीनशॉट, पत्रक, पावती आणि हॉस्पिटलच्या काट्यावरच्या वजनाच्या नोंदी एका फायलीत लावा. आमच्या अर्जाला हे सगळं जोडावं लागलं, आणि आधीचे रिकामे डबे भंगारवाल्याकडून परत आणावे लागले.