दुरुस्तीनंतर बंद पडणारी जुनी गाडी आणि ओबीडी स्कॅनर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझी पेट्रोल गाडी एकवीस वर्षं जुनी आहे. इनटेक मॅनिफोल्डचं (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा संच) गॅस्केट मी घरीच बदललं, त्याच बैठकीत थ्रॉटल बॉडी (हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ केली, प्लग नवे टाकले. दुसऱ्या दिवसापासून गाडी थांबवायला घेतली की बंद. क्लच दाबला की आरपीएमचा (इंजिनाचे मिनिटाला फेरे) काटा ८०० वरून ५०० वर यायचा, इंजिन धापा टाकायचं, स्टिअरिंग थरथरायचं आणि मग सगळं शांत. मागे गाड्यांची रांग असताना असं झालं की पोटात गोळा यायचा. दुरुस्तीआधी हा त्रास एकदाही नव्हता.

सुरुवातीला मी थांबून पाहिलं. दुरुस्तीसाठी बॅटरीची तार काढली की ईसीयूने, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाने, शिकलेलं स्लोचं (रेस न देता इंजिन चालू राहण्याचं) गणित पुसलं जातं आणि ते पुन्हा शिकेपर्यंत काही गाड्या थांबताना बंद पडतात. मॅन्युअलमध्ये दिलेली रीलर्निंगची पद्धत केली, आठवडाभर चालवली. फरक शून्य. मग चेक इंजिनचा दिवा लागला आणि मी हा छोटा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर घेतला. ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून कोडच्या रूपात नोंदवण्याची व्यवस्था. स्कॅनर ते कोड आणि इंजिनचे आकडे मोबाइलवर दाखवतो.

घेण्याआधी एक बघून घ्या. डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं सॉकेट दिसलं म्हणजे स्कॅनर चालेलच असं नाही. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ओबीडी सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाडीत तसंच सॉकेट असूनही स्कॅनरला उत्तर न मिळण्याची शक्यता असते.

कोड आला पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. इथे बरेच जण थेट ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलतात. माझाही हात तिकडेच वळला होता. पण सेन्सर फक्त जे दिसतं ते सांगत होता. खरं उत्तर फ्युएल ट्रिमच्या आकड्यांत होतं, आणि एवढ्यासाठी तरी हे यंत्र घ्यावं असं माझं प्रामाणिक मत आहे. ट्रिम म्हणजे ईसीयू ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त देतोय तो हिशेब. शॉर्ट (त्या क्षणाची) आणि लाँग (हळूहळू शिकलेली) दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास, फार तर दहाच्या आत असावी. माझी गरम इंजिनवर, स्लोला, अधिक २४ होती. रेस देऊन २५०० आरपीएमवर धरलं की अधिक ५. स्लोला इंजिन मुळातच थोडी हवा घेतं, म्हणून चोरून शिरणारी हवा तिथे भारी पडते. रेस वाढली की तिचा वाटा नगण्य होतो. हवेची गळती असली की आकडे असे दिसतात. याउलट रेस आणि लोडबरोबर ट्रिम वाढत गेली असती, तर मी फ्युएल पंप, फिल्टर किंवा मळलेला एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) पाहिला असता. (हे एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाड्यांचं. मॅप सेन्सरवर, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरवर, चालणाऱ्या गाडीत गळतीमुळे बऱ्याचदा स्लो उलट वाढतो.)

गॅस्केटवर संशय होता, पण ते निर्दोष निघालं. मोबाइलवर ट्रिम उघडी ठेवून मी एकेक होज फडक्यावरून पकडीने हलकेच दाबत गेलो. कार्ब क्लीनर फवारून गळती शोधण्याची पद्धत बरेच जण सांगतात. गरम एक्झॉस्टवर ते पेट घेऊ शकतं, म्हणून मी टाळलं. मॅनिफोल्डच्या पोटाखालून जाणारा पीसीव्हीचा (इंजिनच्या पोटातली वाफ परत मॅनिफोल्डमध्ये नेणारा) होज दाबला आणि इंजिन एकदम सावरलं. बाहेर काढला तर वरून धडधाकट. कोपऱ्याचं वळण अंगठ्याने उलटं वाकवलं तेव्हा आतल्या बाजूने तेलकट चीर उघडली, जवळजवळ नखाएवढी. मॅनिफोल्ड उचलताना कडक झालेलं रबर मीच ताणलं होतं. नवा होज बसवल्यावर स्लोची ट्रिम अधिक ३ झाली आणि थांबताना बंद पडणं संपलं.

पाचव्या महिन्यात गाडी पुन्हा बंद पडली, पण या वेळी तऱ्हा वेगळी होती. चालत्या गाडीत, गिअरमध्ये असताना, स्विच बंद केल्यासारखी. धाप नाही, थरथर नाही आणि स्कॅनरवर कोडही नाही. इथे स्वस्त स्कॅनरची मर्यादा कळली. पाच-सहा आकडे एकदम मागितले की प्रत्येक आकडा सेकंदाला जेमतेम एकदा येतो, आणि बिघाड त्या मधल्या फटीत निसटतो. मग मी फक्त आरपीएम आणि वेग एवढेच रेकॉर्डला लावले. चौथ्या दिवशी सापडलं : वेग ४६, आरपीएम १९०० आणि लगेच शून्य. गिअरमधली चाकं इंजिन फिरवत असताना खरा आरपीएम शून्य होणं शक्यच नाही. म्हणजे इंजिनचे फेरे मोजणाऱ्या क्रँक सेन्सरचा सिग्नल तुटत होता. नवा सेन्सर मागवण्याआधी गाडी स्लोला ठेवून, फिरत्या बेल्टपासून हात दूर राखत, वायरिंग हलवून पाहिलं. सेन्सरचा कपलर (वायर जोडणारा प्लग) हलवताच इंजिन बंद. मॅनिफोल्डसाठी हीच वायरिंग मी बाजूला सारली होती, आणि कपलर परत लावताना लॉकचा ‘टक्’ आवाज आला की नाही हे तपासलंच नव्हतं. पिना साफ केल्या, नीट दाबून बसवला. तीन महिने झाले, गाडी एकदाही बंद पडलेली नाही.

यंत्राबद्दलच्या तक्रारीही आहेत. सॉकेटमध्ये तसंच ठेवलं तर ते बॅटरी खात राहतं. दहा दिवस गाडी उभी राहिली आणि सेल्फ लागेना. सोबतच्या ॲपमध्ये कोड पुसण्याचं बटण नको तितकं हाताशी आहे. कोड पुसला की दिवा लागला त्या क्षणाची नोंद, फ्रीझ फ्रेम, तीही जाते. आधी स्क्रीनशॉट घ्या.

पुढच्या महिन्यात टायमिंग बेल्ट काढायचा आहे. गरम इंजिनचे स्लोचे आणि २५०० चे ट्रिम आकडे आजच वहीत लिहून ठेवलेत. गॅस्केट काढण्याआधीचे असे आकडे तेव्हा माझ्याकडे नव्हते.