थीमचं कॅलेंडर की मुलांचं कुतूहल? बालवाडीचं नियोजन ठरवताना

शाळा उघडायच्या आधीच बहुतेक बालवाड्यांच्या भिंतीवर वर्षाचा तक्ता लागलेला असतो. जूनमध्ये ‘मी आणि माझं कुटुंब’, जुलैत पाऊस, मग फळं, भाज्या, प्राणी, वाहनं, आपले मदतनीस. दुसरीकडे, मुलं काय बघतायत आणि काय विचारतायत ते टिपून त्यावरून पुढच्या आठवड्याचं टाचण लिहा, असं सांगणारी प्रशिक्षणंही आता बरीच होतात. नवा प्लेग्रुप सुरू करणाऱ्या किंवा चालू वर्गाची घडी बदलू बघणाऱ्या ताईला दोन्ही पटतात आणि दोन्हींची धास्तीही वाटते. माझं मत आधीच सांगून टाकते: ही निवड तत्त्वावर करू नका. वर्गात मोठी माणसं किती आणि मुलं घरी गेल्यावर ताईकडे वेळ किती, हे दोन आकडे मांडा. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

एकच आठवडा, दोन वर्ग

ऑगस्ट महिना आहे. शाळेसमोरचा रस्ता पाण्याच्या पाइपलाइनसाठी खणायला घेतलाय आणि जेसीबी आलाय. तक्त्यावर या आठवड्यात ‘फळं’ आहेत.

पहिल्या वर्गात ताई तक्त्याप्रमाणे जाते. परडीत केळी, पेरू, मोसंबी. वास घ्यायचा, डोळे मिटून हातांनी ओळखायचं, मोसंबीच्या फोडी मोजायच्या, भेंडीचे नि बटाट्याचे ठसे काढून फळांची चित्रं रंगवायची, शुक्रवारी सगळ्यांनी मिळून फ्रूट सॅलड. यात वाईट काहीच नाही. मुलं चाखतात, बोलतात, रमतात. फक्त बाहेर जेसीबीचा हात वर गेला की अर्धा वर्ग खिडकीशी पळतो आणि ताईचा निम्मा आवाज त्यांना परत बोलावण्यात जातो.

दुसऱ्या वर्गात सोमवारी ताई शिकवत काहीच नाही. खिडकीशी मुलांबरोबर उभी राहते आणि त्यांची वाक्यं लिहून घेते. ‘पाइपच्या आत अंधार असतो का?’ ‘काढलेली माती कुठे जाते?’ ‘आमच्या घरी पाणी येणार नाही का आता?’ संध्याकाळी ती वही उघडते तेव्हा लक्षात येतं, की मुलांचे निम्म्याहून जास्त प्रश्न यंत्राबद्दल नाहीतच. पाणी येतं कुठून आणि माती जाते कुठे, हे त्यांना हवंय. म्हणून मंगळवारी वाळूच्या हौदात जेसीबीच्या खेळण्याबरोबर पाइपचे तुकडे, नरसाळं, प्लॅस्टिकचा मग आणि पाण्याची बादली येते. पाणी चढावर का जात नाही, यावर भांडण होतं. बुधवारी दोरीच्या अलीकडे उभं राहून मुकादमकाकांना तीन प्रश्न विचारायचे ठरतात. ते तीन कोणते यावर वर्गात हात वर करून मतदान होतं आणि मतं मोजली जातात. पुढे चित्रं, प्रत्येक चित्राखाली मुलानं सांगितलेलं वाक्य ताईच्या अक्षरात, आणि शनिवारी दोऱ्यानं शिवलेलं वर्गाचं पुस्तक. चर, उतार, घमेलं, फावडं, मुकादम हे शब्द मुलांच्या तोंडी बसतात, कारण त्यांना त्यांची गरज पडलेली असते.

आणि फळं? ती राहिली. दिवाळीच्या सुमारास सीताफळं आली की बघू. सीताफळाच्या बिया मोजण्याइतकं चिकट आणि आनंदी गणित दुसरं नाही.

दुसऱ्या वर्गाचा आठवडा मला सरस वाटतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्याची किंमत नीट बघा. एक अख्खा दिवस बिननियोजनाचा, रोज संध्याकाळची बैठक, रस्त्यापाशी नेताना दुसरं मोठं माणूस सोबत. राष्ट्रीय बालशिक्षण धोरणानं 2013 मध्ये तीन ते सहा वर्षांच्या 20 मुलांमागे एक मोठं माणूस असं प्रमाण सांगितलं. एकटीच ताई आणि पस्तीस मुलं असतील तर बुधवारची फेरी सोडूनच द्या, सोमवारची वाक्यंसुद्धा टिपून होणार नाहीत.

तक्ता कुठे जिंकतो

नवख्या ताईला तक्ता आधार देतो. साहित्य आधी गोळा होतं, ताई रजेवर गेली तर दुसरी वर्ग चालवू शकते, दोन तुकड्यांत फार तफावत पडत नाही. अंगणवाडीत तर तो जवळपास अपरिहार्य आहे. तिथे तीन ते सहा वयाची मुलं एकाच खोलीत असतात आणि सेविकेकडे शिकवण्याखेरीज आहार, वजन-उंचीच्या नोंदी, गृहभेटी, मोबाइलवर भरायची माहिती असं बरंच असतं. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 2024 मध्ये आणलेल्या ‘आधारशिला’ अभ्यासक्रमात 48 आठवड्यांची आखणी हातात दिली आहे, ती याच परिस्थितीसाठी शहाणपणाची आहे. अशा सेविकेला ‘मुलांच्या आवडीनुसार शिकवत नाही’ म्हणून नावं ठेवणं हा शहरी प्रशिक्षकांचा उद्धटपणा आहे.

शिवाय काही गोष्टी कुतूहलातून आपोआप उगवत नाहीत. शब्दांतले आवाज ओळखणं, म्हणजे ‘पाटी’ आणि ‘पाणी’ एकाच आवाजानं सुरू होतात हे कानाला कळणं, याची मागणी कुठलंही मूल करत नाही. त्यासाठी बडबडगीतं, यमकांचे खेळ, गोष्टीचा तास हे रोज ठरल्या वेळीच लागतात. कुतूहलावर चालणाऱ्या वर्गांची बाजू मांडणारे हा मुद्दा हळूच ओलांडून जातात.

तक्त्याचा रोग मात्र ओळखीचा आहे. ‘यलो डे’. पिवळा फ्रॉक, पिवळा डबा, पिवळ्या फुग्यांखाली फोटो, फोटो पालकांच्या ग्रुपवर. आदल्या रात्री पिवळा टी-शर्ट शोधणाऱ्या आईलाच काय ती पिवळ्या रंगाची खरी ओळख होते. विकतच्या वर्कशीटच्या संचांत हिवाळा म्हणजे बर्फाचा माणूस असतो. लातूरच्या मुलानं त्यात रंग भरायचा तो कशाच्या आठवणीवर?

कुतूहलाची वाट आणि तिच्यातले खड्डे

या पद्धतीचं नाव काढलं की इटलीतल्या रेज्जो एमिलियाचा उल्लेख येतोच. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या पालकांनी उभ्या केलेल्या शाळा, शिक्षणतज्ज्ञ लोरिस मालागुझ्झी यांचं मार्गदर्शन, 1963 मध्ये नगरपालिकेची पहिली बालशाळा. आपल्याकडे तिथून लाकडी कपाटं आणि काचेच्या बरण्या तेवढ्या उचलल्या जातात. एका वर्गावर दोन शिक्षक, कलेसाठी वेगळी व्यक्ती आणि मुलांच्या बोलण्याची रोजची नोंद, हा तिथला कणा आहे. तो उचलायला पैसे लागतात, म्हणून मागेच राहतो.

जवळचं उदाहरण जास्त उपयोगी पडेल. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, आणि 1957 मध्ये ते काम कोसबाडला गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा पाड्याच्या अंगणात न्यायची, आणि महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, खडे, पानं, बिया वापरायच्या, ही त्यांची रीत. त्यांच्यावर माँटेसरीचा प्रभाव होता आणि साधनांचा क्रम ताईच ठरवत असे, म्हणून त्याला आजच्या अर्थानं मुलांच्या आवडीतून उमललेला अभ्यासक्रम म्हणता येणार नाही. पण आजूबाजूचं जगच अभ्यासाचं साहित्य, ही अर्धी वाट आपल्याकडे चाललेली आहे.

उरलेल्या अर्ध्या वाटेवर मोठा धोका असा, की ‘मुलांची आवड’ म्हणजे बडबड्या तिघांची आवड ठरते. त्यांना डायनासोर हवे म्हणून सगळ्या वर्गाला महिनाभर डायनासोर. गप्प मुलाची आवड तोंडातून नाही, हातातून दिसते. जी मुलगी रोज दाराबाहेरच्या चपला जोडीनं लावून ठेवते, तिला जोड्या, मापं, लहान-मोठं यात रस आहे. ते टिपायला ताईनं दारापाशी बघायला हवं. त्याहून लपलेला धोका ताईचा स्वतःचा उत्साह. तिला वारली चित्रं आवडतात, मुलांनी एकदा ‘छान’ म्हटलं, आणि पंधरा दिवस वारली.

एखादा विषय उचलण्यापूर्वी दोन-तीन दिवस थांबावं. तो दुसऱ्या खेळात, दुसऱ्या कोपऱ्यात परत डोकावतो का? हात लावता येईल असं त्यात काही आहे का? कार्टूनचा नायक पहिली परीक्षा सहज पास होतो, दुसरीत बहुधा अडकतो.

वही, पगार, पालक

कामाची सोय अशी करता येते. टाचणवहीच्या डाव्या पानावर ठरवलेलं, उजव्या पानावर घडलेलं. उजव्या पानावरचं न संपलेलं पुढच्या डाव्या पानावर जातं. रोज तीन-चार मुलांवरच लक्ष ठेवायचं, म्हणजे आठवड्यात वर्ग होतो. पायाभूत स्तराच्या (तीन ते आठ वर्षं) 2022 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात 13 अभ्यासक्रमीय उद्दिष्टं आहेत. महिनाअखेरीस ती समोर ठेवून कुठे हातच लागला नाही ते बघायचं आणि तेवढी भर मुद्दाम घालायची. एवढं केलं तर ‘मग अभ्यासाचं काय?’ या प्रश्नाला उत्तर तयार असतं.

संचालकांनी हिशेब करताना साहित्याच्या खर्चात बचत धरावी, कारण छापील संच लागत नाहीत. पण वही लिहायचा रोजचा पाऊण तास पगारात धरावा. तो धरायचा नसेल तर माहितीपत्रकात या पद्धतीची जाहिरात करू नये.

पालकांचा ‘आज काय शिकवलं?’ हा प्रश्न तक्ता एका शब्दात मिटवतो. दुसऱ्या पद्धतीत भिंतीवर मुलांची वाक्यं आणि फोटो लावावे लागतात आणि सिनिअर केजीच्या पालकांना, पहिलीच्या लेखनाची तयारी कुठे होतेय ते बोट ठेवून दाखवावं लागतं. हे जूनच्या पालकसभेतच सांगावं. तक्रार आल्यावर सांगितलं की ते सबब वाटतं.

मग कोणी काय घ्यावं

एकटी ताई, तीसच्या वर मुलं: तक्ता घ्या, आठवड्यातला एक दिवस कोरा ठेवा. पंधरा-वीस मुलं आणि दोन मोठी माणसं: मुलांमागे जा, फक्त गोष्ट, गाणी आणि आवाजांचे खेळ यांची वेळ हलवू नका. साखळी शाळेत रोजच्या टाचणाची पानं वरूनच ठरून येत असतील तर ठोकळ्यांच्या कोपऱ्यात पाइपचे तुकडे ठेवायला कुणी अडवत नाही.

बाकीच्यांसाठी मधला मार्ग सोपा आहे. आपल्या वर्षात काही विषय असे आहेत जिथे तक्ता आणि कुतूहल आपोआप एकत्र येतात: आषाढीची दिंडी, विदर्भातला तान्हा पोळा, दिवाळीतला किल्ला. ते तक्त्यावर पक्के करा, मधले आठवडे मोकळे सोडा. आणि पहिला प्रयोग जूनमध्ये नको. तेव्हा निम्मी मुलं रडत असतात, त्यांची एकमेव आवड घरी जाणं ही असते. गणपतीच्या सुट्टीनंतर सुरू करा.