अटलांटिसमध्ये मोठी फौज: भरती करत राहायचं की तुकड्या शिकवून आणायच्या?

माझ्या ओळखीतले दोघं सध्या अटलांटिस या ई-मेलने खेळायच्या रणनीतीच्या खेळात (ऑर्डर पाठवायच्या, एक चाल म्हणजे खेळातला एक महिना, मग रिपोर्ट येतो) पहिली मोठी फौज उभी करतायत आणि दोघांचाही प्रश्न तोच, की दर महिन्याला मिळतील तेवढी माणसं जुन्या युनिटमध्ये (एकत्र ऑर्डर घेणाऱ्या गटात) टाकत जायचं की प्रत्येक भरतीची वेगळी तुकडी करून तिला मागे ठेवून शिकवायचं. मी दोन्ही केलंय, एका गेममध्ये पहिलं आणि पुढच्या गेममध्ये दुसरं, म्हणून सविस्तर लिहितो. रसेल वॉलेसने 1993 मध्ये काढलेल्या या खेळाच्या पुढे बऱ्याच आवृत्त्या झाल्या, त्यामुळे खालचे आकडे मी खेळलो त्या नियमांचे धरा, तुमच्या गेममास्तरची नियमावली एकदा बघून घ्या.

पहिला मार्ग म्हणजे सरळ भाषेत खोगीरभरती, पण वाईट अर्थाने म्हणत नाही, कारण त्याचे फायदे खरंच आहेत. ऑर्डर एका ओळीची असते. शेजाऱ्याच्या रिपोर्टमध्ये तुमच्या युनिटची माणसं किती ते दिसतं, त्यांना लढाई किती येते ते दिसत नाही, त्यामुळे हद्दीवर 200 माणसं उभी दिसली की समोरचा दोनदा विचार करतो, आणि सुरुवातीच्या सात-आठ महिन्यांत हा नुसत्या आकड्याचा धाक मला खूप उपयोगी पडला. टॅक्सलाही गर्दीच बरी, लढाईत लेव्हल एकचा माणूस पण 50 सिल्व्हर (खेळातला पैसा) गोळा करतो आणि लेव्हल चारचा पण 50च. फक्त हेक्समध्ये (नकाशावरच्या षटकोनी चौकटीत) मुळात तेवढा पैसा पाहिजे, नाहीतर निम्मी माणसं नुसती उभी राहतात आणि डोक्यामागे महिना 10 चा खर्च चालूच राहतो.

दुसऱ्या मार्गाला सुरुवातीला दम लागतो. लीडरना (इतरांना शिकवू शकणारी महागडी माणसं) आधी स्वतः कॉम्बॅट, म्हणजे लढाईचं कौशल्य, लेव्हल 3 पर्यंत शिकायला लागतं, म्हणजे 180 दिवस, म्हणजे सहा महिने, आणि तेवढ्या काळात त्यांचा डोक्यामागे 20 चा खर्च तुम्ही उचलत असता आणि हातात दाखवायला काही नसतं. त्यानंतर मात्र एक लीडर दहा जणांना शिकवतो आणि शिकणाऱ्याचा महिना 30 ऐवजी 60 दिवसांचा होतो. शिकवणाऱ्याची लेव्हल शिकणाऱ्याच्या वर पाहिजे एवढी अट. ऑर्डरशीट लांबते हे खरंय, प्रत्येक नवीन तुकडीला फॉर्म (युनिट बनवा), बाय (माणसं घ्या), स्टडी (शिका), एंड अशा ऑर्डर, शिवाय जुन्या युनिटकडून गिव्ह न्यू करून पैसे, आणि त्यातली गिव्हची ओळ राहिली तर नव्या युनिटकडे पैसाच नसतो, माणसं विकत घेतली जात नाहीत आणि तो महिना गेला. माझा असा एक महिना गेलाय. तेव्हापासून तुकड्यांना महिन्यांची नावं देतो, चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, म्हणजे शीटवर नजर टाकली की कोण कधी आलं आणि कोणाला किती शिकवून झालं ते लगेच कळतं.

आता ज्या एका गोष्टीमुळे माझं ठरलं ती सांगतो.

रिपोर्टमध्ये युनिटच्या शेवटी स्किल लिहिलेलं असतं, कॉम्बॅट 3 (180) असं. कंसातला आकडा म्हणजे डोक्यामागे शिकलेले दिवस, लेव्हल 2 ला 90 लागतात आणि लेव्हल 3 ला 180. माझ्या त्या पहिल्या गेममध्ये उत्तरेच्या शहरावर 40 जणांचं युनिट होतं, सगळ्यांकडे तलवारी, 180 दिवस पूर्ण, अर्ध्या वर्षाची मेहनत होती ती. शहरात भरती स्वस्त मिळत होती म्हणून त्याच युनिटमध्ये आणखी 40 घेतले आणि महिनाभर टॅक्सला लावले. पुढचा रिपोर्ट आला, 80 माणसं, कॉम्बॅट 2 (90). रिपोर्टमध्ये ना इशारा, ना एरर, काहीच नाही. खेळ सगळ्यांचे दिवस एकत्र करतो आणि डोक्यांनी भागतो, दुधात पाणी घातल्यासारखं, आणि नंतर युनिट तोडून जुने 40 वेगळे काढायचा प्रयत्न केलात तरी वेगळे निघणारे पण 90 चेच असतात. जे गेलं ते गेलं. वर तलवारी 40च होत्या. त्यानंतरच्या महिन्यात शेजाऱ्याने 50 माणसं आणली, सगळी लेव्हल 3 आणि तलवारवाली. स्किलमध्ये एकाचा फरक असला की झुंज दोनास एक होते, दोनाचा असला की चारास एक, आणि माझ्या रिकाम्या हातांच्या 40 जणांसाठी तर फरक त्याहून मोठा होता. निम्मी पडली की उरलेली फौज फुटते, तसंच झालं, आणि शहर गेलं. माझ्या मते ते मूळचे 40 एकटे असते तर लढाई बरोबरीच्या जवळ गेली असती. सिद्ध करता येत नाही, पण दोन्ही बाजूंची हत्यारं आणि लेव्हल बघता मला तसंच वाटतं.

त्यानंतर मी कागदावर हिशोब केला आणि तो जरूर करून बघा. समजा चार महिने, दर महिन्याला 50 माणसं, शिकवणारा कोणी नाही, सगळे नुसते स्टडी करतायत. एकाच युनिटमध्ये टाकत गेलात तर कंसातला आकडा 30, मग 45, मग 60, मग 75 असा जातो, म्हणजे चौथ्या महिन्याच्या शेवटी 200 माणसं आणि सगळी लेव्हल 1. तीच माणसं, तोच खर्च, पण चार तुकड्या वेगळ्या ठेवल्या तर 120, 90, 60, 30. म्हणजे पहिल्या दोन तुकड्या, 100 माणसं, लेव्हल 2 वर. एकूण शिकलेले दिवस दोन्हीकडे 15,000च, एक पैसाही जास्त गेलेला नाही. आणि लेव्हल 3 चे लीडर शिकवत असतील तर 210, 180, 120, 60 (पहिली तुकडी तिसऱ्या महिन्यात लेव्हल 3 ला पोचली की ते तिला पुढे शिकवू शकत नाहीत), म्हणजे पहिली 100 माणसं लेव्हल 3 ची.

इथे गर्दीवाल्यांची बाजू पण मांडायला हवी, कारण भरती बंद करून आणखी एक महिना सगळ्यांना स्टडीला बसवलंत तर एकत्र युनिट 105 वर जाऊन सगळी 200 माणसं लेव्हल 2 होतात आणि वेगळ्या तुकड्यांत अजून 150च त्या लेव्हलला असतात. त्या एका महिन्यापुरती गर्दी पुढे असते. कोणाला नेमक्या त्याच महिन्यात हल्ला करायचा असेल तर मी नको म्हणणार नाही. पण त्याच्या पुढच्याच महिन्याला पहिली तुकडी 180 ला पोचते आणि गर्दी 135 वर असते. शिवाय नेमका महिना गाठून भरती थांबवायला जमतं कोणाला, शहरात माणसं दिसली की हात जातोच.

दुसरी गोष्ट लोखंडाची. एक तलवार म्हणजे एक लोखंड, एक चेन आर्मर (साखळीचं चिलखत) म्हणजे अजून एक, म्हणजे 50 जणांची तुकडी तयार करायला 100 लोखंड. माझ्या खाणीतून साधारण तुकडी शिकून होईपर्यंत तेवढं येत होतं, त्यामुळे मागून निघणारी प्रत्येक तुकडी पूर्ण हत्यारबंद निघायची. गर्दीत हेच लोखंड सगळ्यांमध्ये थोडं थोडं वाटलं जातं. चेन आर्मरने वार झेलायची शक्यता तीनात एक आहे, ऐकायला कमी वाटतं, पण 50 च्या 50 जणांकडे असलं की फौज फुटायची वेळ बरीच लांबते.

रसदीचं दोन्हीकडे सारखंच आहे, फक्त गर्दीला ते लवकर जाणवतं. पायदळाचा माणूस स्वतःशिवाय 5 वजन उचलतो, तलवार आणि चेन आर्मर मिळून 2 गेले, राहिले 3, आणि धान्याचं एक पोतं 5 चं. म्हणजे धान्य सोबत नेताच येत नाही. मासे एक-एक वजनाचे, ते तीन नेता येतात, म्हणजे तीन महिन्यांचं पोट. सिल्व्हरला वजन नाही, पण ते त्याच हेक्समध्ये पाहिजे, शेजारच्या हेक्समधल्या खजिन्यावर फौज जगत नाही. माणसं जितकी जास्त तितका हा हिशोब एखाद्या महिन्यात चुकायची शक्यता जास्त.

ज्याला आठवड्यातून एकच तास मिळतो, शेजारी शांत आहेत आणि मुख्य काम टॅक्स गोळा करणं हे आहे, त्याने एकच मोठं युनिट ठेवलं तर मला काही गैर वाटत नाही. ज्याच्या हद्दीला लागून एखादा वॉरवर, म्हणजे लढाईवर, जास्त पॉइंट टाकलेला फॅक्शन (दुसऱ्या खेळाडूचा पक्ष) आहे, त्याने मात्र तुकड्या वेगळ्या ठेवाव्यात असं मला वाटतं, आणि भरतीला खेळातल्या माणसांची अशी जमात शोधावी जिला लढाई विशेष जमते, कारण बाकीच्यांची लेव्हल दोनवर अडकते आणि मग लीडरची सगळी मेहनत पाण्यात. सध्याच्या गेममध्ये मी हद्दीवर टॅक्ससाठी 60 कच्ची माणसं ठेवलीयत आणि मागे दोन हेक्सवर चैत्र आणि वैशाख शिकतायत. काल रात्री रिपोर्ट आला, चैत्रच्या पुढे कॉम्बॅट 3 (180) लिहिलंय, आणि शहरात 45 माणसं भरतीला आहेत. त्यांच्यासाठी ज्येष्ठ नावाचं नवीन युनिट केलंय, गिव्हची ओळ सगळ्यात आधी टाकली.