ग्रेट सर्कल मॅपर: कोलंबो-माले अंतर चोख, वेळेचा हिशेब आपला आपण

श्रीलंका आणि मालदीव एकाच सुट्टीत जोडायचं म्हटलं की कोलंबो ते माले हा टप्पा नीट बसवावा लागतो. सांगली-मिरजेतून बेत आखणाऱ्यांनी त्यासाठी ग्रेट सर्कल मॅपर ही वेबसाइट जरूर वापरावी. पैसे नाहीत, लॉगिन नाही. विमानतळांचे तीन अक्षरी कोड टाकायचे: सीएमबी, मधे छोटी आडवी रेघ, मग एमएलई. नकाशावर समुद्रावरून रेघ उमटते आणि अंतर समोर येतं. आकडा आधी मैलांत दिसतो, तेव्हा एकक बदलून किलोमीटर घ्या. साधारण 775 किमी येतात.

अंतराला ही साइट चोख, कारण मोजणी विमानतळ ते विमानतळ सरळ हवेतून होते. खात्री करायची तर आपल्याकडचंच कोल्हापूर-मुंबई टाकून बघा. हवेतून 300 किमीच्या थोडं वर, आणि रस्त्याने पावणेचारशेच्या आसपास.

वेळेला मात्र भुलू नका. ताशी 800 किमी वेग धरला तर 775 किमीला 58 मिनिटं निघतात. वेळापत्रकात दीड तासाच्या आसपास लागलेले असतात. इतक्या छोट्या उड्डाणात विमान पूर्ण वेगात थोडाच वेळ असतं. बाकी वेळ धावपट्टीपर्यंत जाण्यात, चढण्यात, उतरण्यात जातो. म्हणून भागाकारात निदान अर्धा तास मिळवाच. टप्पा जितका छोटा तितकी ही चूक मोठी दिसते.

दुसरी फसगत घड्याळाची. श्रीलंकेचं घड्याळ आपल्याबरोबर चालतं, मालदीवचं अर्धा तास मागे. दीड तासाचं विमान कोलंबोहून 10 ला सुटलं तर मालेत 11 वाजलेले असतात. परत येताना तेच विमान दोन तास घेतंय असं तिकिटावर दिसेल. उड्डाण लांबलेलं नसतं, फक्त वेळा स्थानिक छापतात.

जमिनीवरचा वेळ या साइटवर नाहीच. कोलंबोचा विमानतळ शहरात नाही, उत्तरेला कटुनायकेला आहे, तीसेक किलोमीटरवर. तिथे गाडीचा तासभर धराच. मालेचा विमानतळ हुलहुले या वेगळ्या बेटावर आहे, पण 2018 मध्ये समुद्रावर पूल झाल्यापासून टॅक्सीने काही मिनिटांत शहर गाठता येतं.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो पुढे, लांबच्या रिसॉर्टला जाताना. तिकडची सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारी छोटी विमानं, फक्त उजेडात उडतात. संध्याकाळी मालेत उतरलात तर रात्र तिथेच काढावी लागते आणि हॉटेलचा खर्च वाढतो. त्यामुळे कोलंबोहून सकाळचंच विमान घ्या, आणि तिकीट काढायच्या आधी शेवटचं सीप्लेन किती वाजता सुटतं ते रिसॉर्टला विचारा.