हात दुखतो म्हणून ५३,०९९ रुपयांना फसलो. दुखणं होतं मानेत

४९९ नावनोंदणीचे, १,५०० 'नर्व्ह स्कॅन'चे, ३८,५०० पॅकेजचे आणि १२,६०० तेल-गोळ्यांचे. एकूण ५३,०९९ रुपये. एवढे पैसे घेऊन 'दबलेली नस मोकळी करतो' म्हणणाऱ्या एका सेंटरमध्ये माझ्या मानेला कोणी बोटसुद्धा लावलं नाही, आणि दुखत होती मानेतली नस. नातेवाइकांना हा आकडा मी अजून सांगितलेला नाही, लाज वाटते. इथे लिहितोय, कारण त्यांची जाहिरात अजून चालू आहे.

खांद्यापासून कळ निघायची ती दंडातून थेट अंगठा आणि तर्जनीपर्यंत. मुंग्या, बधिरपणा, रात्री झोप नाही. 'दबलेली नस ऑपरेशनशिवाय मोकळी, गॅरंटीसह' असं वाचल्यावर अशा अवस्थेतला माणूस जातोच. पांढरा कोट, फाईल, भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकेटं. डॉक्टर म्हणून असलेला नोंदणी क्रमांक मागायचं भान तेव्हा कुणाला असतं? तुम्ही मात्र मागा. पैसे द्यायच्या आधी मागा.

स्कॅन म्हणजे काय, तर तळहातात एक दांडी धरायची, ती वायरने लॅपटॉपला जोडलेली. थोड्या वेळात यकृतापासून हाडांपर्यंत सगळ्याचा रंगीत रिपोर्ट तयार. तळहातात धरलेल्या दांडीने नस दबलेली दिसत नाही. त्यासाठी एमआरआय लागतो, नसांच्या तपासणीसाठी ईएमजी-एनसीव्ही असते, आणि त्याही आधी डॉक्टरने हाताने तपासायचं असतं.

ज्या क्षणी उठून यायला हवं होतं तो मला रोज आठवतो. मी त्या माणसाला सांगितलं, "हात डोक्यावर ठेवला की कळ कमी होते." तो म्हणाला, "काका, ते सोडा, तुमची नस मनगटात ब्लॉक आहे. सहा आठवड्यांत मोकळी केली नाही तर लकवा." आणि पावती फाडली. हात डोक्यावर ठेवल्यावर आराम पडणं ही मानेतली नस दबल्याची चांगली खूण आहे, कारण त्या स्थितीत नसेवरचा ताण सैल होतो. मी ती स्वतःच्या तोंडाने सांगितली होती! नंतर अस्थिरोगतज्ज्ञांनी माझं डोकं किंचित मागे, दुखऱ्या बाजूला कलवलं आणि वरून हलकेच दाबलं. अंगठ्यापर्यंत वीज गेली. दोन मिनिटांत निदान: सी-६ ची, म्हणजे मानेतली सहावी नस. (ही तपासणी घरी कुणाकडून करून घेऊ नका.)

मानेत मणके ७ आणि नसांच्या जोड्या ८. गादी सरकली किंवा हाड वाढून नस बाहेर पडायची वाट अरुंद झाली की ती नस जिथवर जाते तिथवर दुखतं. साधारणपणे सी-६ अंगठ्याकडे, सी-७ मधल्या बोटाकडे, सी-८ करंगळीकडे. अंगठ्यातल्या मुंग्या मनगटात नस दबूनही येतात, म्हणून तर दोन्ही जागा तपासाव्या लागतात. मान न बघता हातावर तेल चोळणारा तुम्हाला लुटतोय.

सहा आठवडे का, हेही आता कळलं. हे दुखणं बहुतेकांचं ऑपरेशनशिवायच काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ओसरतं. पॅकेज संपेपर्यंत माझंही ओसरत आलं होतं. पैसे परत मागितले तर त्यांनी माझ्याच सहीचा फॉर्म पुढे केला: '७०% आराम'. असल्या फॉर्मवर सही करू नका.

पोलीस ठाण्यात उत्तर मिळालं, पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत, ही फसवणूक नाही, ग्राहकाचा विषय आहे. डॉक्टरांच्या नोंदणीचं काम पाहणाऱ्या कार्यालयात सांगितलं, तो आमच्याकडे नोंदलेला डॉक्टरच नाही, म्हणून कारवाई आमच्या हातात नाही. अहो, नोंदलेला नाही हीच तर तक्रार आहे! औषधांच्या कार्यालयात बाटली घेऊन गेलो. तिच्यावर ना लायसन्स क्रमांक, ना बॅच क्रमांक. साहेब रजेवर, अर्ज ठेवून जा. अर्जाची पोच मागितली तर मलाच दोन शब्द ऐकवले. लकव्यावर इलाज करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हे त्या टेबलवर मी सांगायचं? नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय करणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, जिल्ह्याजिल्ह्यात बोगस डॉक्टर शोधायला समित्या आहेत, मग माझा कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर का फिरतोय?

पावतीवर 'उपचार' नाही, 'वेलनेस सेवा' लिहिलंय. पावती वाचा, आणि पैसे यूपीआयने दिले असतील तर स्क्रीनशॉट जपा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मी ती केली आहे.

आणि हातातली ताकद कमी होत असेल, शर्टाची बटणं लागत नसतील, चालताना तोल जात असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर कुठल्याही सेंटरचा फोन उचलू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.